भैय्यालालने कसलेले स्क्रू

बंदुकीला कोणीही हात लावायचा नाही, असं डॉक्टर रत्नपाल बोरकर रेंज ऑफिसात बजावून बजावून सांगून गेले होते. दसऱ्याला बायकोला, अल्काला, घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं हा त्यांचा दरवर्षीचा नेम. निघायच्या आदली अख्खी दुपार त्यांनी त्या बंदुकीपायी उन्हात काढली, ती हवी तशी बसवली आणि कुलपात ठेवली. स्टोअर सांभाळणाऱ्या भैय्यालालने किल्ली करगोट्याला अडकवली, छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "साहेब, निर्धास्त जा. मी आहो ना." तिथेच त्यांनी सावध व्हायला हवं होतं.

ही काही गोळीची बंदूक नव्हे. रत्नपाल जनावरांचे डॉक्टर, वनखात्याला उसने दिलेले. वाघ-बिबट गावात शिरला की त्याला लांबून बेशुद्ध करायचं, हे त्यांचं काम. बंदूक गॅसच्या दाबावर चालायची आणि औषध भरलेली सुई फेकायची. नळीवर एक आखूड दुर्बीण बसवलेली होती. तिच्यातून पाहिलं की काचेत एक लाल ठिपका दिसायचा. जिथे ठिपका तिथे सुई, असं ते गणित. पण हे गणित आपोआप जुळत नाही. एक सुई मारायची, ती कुठे लागली ते पाहायचं, दुर्बिणीच्या डोक्यावरचा आणि कुशीतला असे दोन बारके स्क्रू नाण्याने किंचित फिरवायचे, की पुन्हा मारायची. सुई आणि ठिपका एका जागी येईपर्यंत हा उद्योग चालतो. याला झिरो करणं म्हणतात. रेंज ऑफिसात या प्रकाराला 'साहेबाचा खेळ' म्हणत.

डॉक्टरांसाठी तो खेळ नव्हता. मागच्या उन्हाळ्यात चिचगडच्या बाजूला एका नाल्यात बिबट अडकला होता. ठिपका अगदी त्याच्या खांद्यावर होता, आणि सुई हातभर डावीकडे मातीत घुसली. बिथरलेला बिबट गर्दीत उसळला, दोन माणसांना त्याने ओरबाडलं, आणि मग कुऱ्हाडी आणि काठ्या घेऊन लोकांनी त्याचं जे केलं ते डॉक्टरांना उभं राहून पाहावं लागलं. पूर्ण वाढ झालेली, गाभण मादी होती. 'माझा हात हलला,' असं त्यांनी वरच्या साहेबांना सांगितलं, अल्काला सांगितलं आणि स्वतःलाही सांगितलं. तेव्हापासून चहाची कपबशी उचलताना ते आपल्या हाताकडे बघत. आता पुन्हा नेम चुकला तर ही बंदूक दुसऱ्या कोणाच्या तरी हातात द्यायची, हे त्यांनी मनाशी पक्कं केलेलं होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते नागपूरहून परतले, आणि एसटीतून उतरतात न उतरतात तोच रेंज ऑफिसची जीप समोर येऊन थांबली. मागच्या सीटवर भैय्यालाल बंदुकीची पेटी मांडीवर घेऊन बसला होता, तान्हं मूल घेऊन बसावं तसा.

"केशोरीच्या पुढं बिबट घुसला साहेब," तो म्हणाला. "घरात."

अल्काने निमूटपणे पिशव्या घेतल्या आणि ती रिक्षा बघायला लागली. तिला सवय होती.

गावात पोचेस्तोवर ऊन चढलं होतं. पोलिस पाटील चैनलाल पटके वेशीवरच उभा होता. चेहरा असा, की जणू पोराचं लग्न ठरलं आहे.

"कोंडला साहेब!" तो लांबूनच ओरडला. "कोंबडीच्या मागं पहाटे घरात घुसला आन् मीनं धाडकन बाहेरून कडी लावली. कुठंच जात नाही आता!"

"शाब्बास," डॉक्टर म्हणाले. "घरातली माणसं कुठे आहेत?"

"सारे बाहेर आहेत. फकत काकू तेवढी आत आहे."

डॉक्टरांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "कोणती काकू?"

"माझी काकू. सुमित्राबाई. थे माळ्यावर कोहळे काढाले चढली होती. थिले आवाज द्याले टाइमच नाही भेटला साहेब. कडी लावू का आवाज देऊ?"

म्हणजे खाली बिबट, वर माळ्यावर सत्तरी उलटलेली बाई, आणि दाराला बाहेरून कडी. लोकांनी आधी तिच्या डोक्यावरची कवेलू, म्हणजे कौलं, काढून तिला वर ओढायचा प्रयत्न केला होता. पण कवेलूचे तुकडे आत पडले तसा बिबट उसळला आणि त्याची नखं माळ्याच्या फळीला लागली. तेव्हापासून सगळे गप्प होते. म्हणजे सुमित्राबाई सोडून सगळे.

"आला का थो डाक्टर?" ते घरापाशी पोचताच भिंतीपलीकडून खणखणीत आवाज आला. "का अजून सोनंच वाटून राहिला?"

"आला काकू! तू हालू नको!"

"हालू कुठं? तुझ्या बापानं माळा काय क्रिकेट खेळाले बांधला होता?"

डॉक्टर पलीकडच्या कोपऱ्यात शिडीवरून छपरावर चढले. दोन कवेलू अलगद सरकवून त्यांनी आत पाहिलं. अंधाराला डोळे सरावल्यावर धानाची कोठी दिसली, आणि तिच्या आडून बाहेर आलेलं शेपटीचं टोक. माळ्यावर लुगड्यात गुंडाळलेली आकृती कोहळ्यांच्या राशीत बसली होती. छपरापासून जनावर दीड पुरुष खाली. मांडीचा मऊ भाग तेवढा चालेल. पोटात लागली तर जनावर मरेल, हाडावर लागली तर वाया जाईल, आणि चुकली तर ते उसळून कुठे जाईल हे उघड होतं. शिवाय भोकात नळी घातली की नळीवरून बघायला जागाच उरत नव्हती. लाल ठिपक्यावर भरवसा ठेवण्यावाचून इलाज नव्हता.

आणि ठिपका तर वीस पावलांवर झिरो केलेला होता. एवढ्या जवळून मारायचं तर गॅसचा दाब कमी करायचा, सुई हळू जाणार, आणि दुर्बीण नळीच्या दोन बोटं वर असते त्याचाही फरक पडणार. म्हणजे सगळं पुन्हा जुळवणं आलं. पण थोडंच, असं डॉक्टरांना वाटलं. एकदोन सुयांचं काम.

चैनलालच्या अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, आवाज बिबटापर्यंत जाणार नाही इतक्या अंतरावर, त्यांनी तणसाने, धानाच्या पेंढ्याने, भरलेलं पोतं जमिनीवर ठेवायला लावलं, त्यावर कोळशाने फुली काढली आणि शिडी भिंतीला टेकवून ते वर चढले. गाव गोळा झालं.

"बिबट तिकडं आहे ना," कोणी तरी म्हणालं. "साहेब पोत्याले काऊन मारून राहिले?"

"सवय करून राहिले."

डॉक्टरांनी पाणी भरलेली सुई लावली, श्वास रोखला, ठिपका फुलीवर धरला आणि घोडा दाबला. सुई पोत्याच्या कितीतरी डावीकडून गेली आणि कोंबड्यांच्या खुराड्याच्या फळीत जाऊन रुतली. आत एकच कल्ला झाला.

अंगण हसलं. डॉक्टरांनी दुसरी सुई लावली, कोपर भिंतीला टेकवलं, हात दगडासारखा केला. सुई पुन्हा तिथेच, खुराड्याला, पहिलीच्या शेजारी.

पुन्हा तेच, हातभर डावीकडे. मागच्या उन्हाळ्यासारखंच. हात हलत असता तर दोन सुया शेजारी शेजारी कशा लागल्या असत्या? त्यांनी दुर्बिणीच्या स्क्रूंवरच्या टोप्या काढल्या. दोन्ही स्क्रू पार तळाला जाऊन बसले होते. पुढे फिरायला जागाच नव्हती.

"भैय्यालालभाऊ," ते शिडीवरूनच म्हणाले. आवाज त्यांनी मोठ्या कष्टाने खाली ठेवला. "बंदुकीला कोणी हात लावला?"

"कोनीच नाही साहेब! मी आहो ना. किल्ली माझ्यापाशी."

"तुम्ही लावला?"

"मी कायले लावीन?" भैय्यालाल दुखावला गेला. "फकत पूजा केली."

"कसली पूजा?"

"खंडेनवमीची. हत्याराची पूजा त होतेच ना साहेब. तुमी म्हटलं हात लावू नका, त मी म्हटलं साहेब पूजेचं थोडी म्हनत असतीन! जीप धुतली, पंप धुतला, कुऱ्हाडी धुतल्या, आन् थिले एकटीले कोपऱ्यात कशी ठेवू? रॉकेलनं पुसली, हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला. आन् मंग स्क्रू कसले."

"स्क्रू कसले," डॉक्टर म्हणाले.

"ढिल्ले होते ना! टोपीच्या खालचे दोन. नान्यानं बी फिरत होते, इतके ढिल्ले. पार शेवटपर्यंत कसले. देवापुढं ढिल्लं काही ठेवू नये."

भैय्यालालची उमेदीची वर्षं गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये गेली होती. तिथे दिवसभर सगळं हादरतं आणि प्रत्येक नट आपोआप सैल होत जातो. असाच एक सैल झालेला नट निसटला, पट्टा सुटला, आणि भैय्यालालच्या डाव्या हाताची करंगळी तिथेच राहिली. तेव्हापासून तो फिरणारी वस्तू दिसली की कसतो. ऑफिसच्या खुर्च्या, नळ, खिडक्यांच्या बिजागऱ्या. एकदा त्याने साहेबांच्या टेबलावरचा पंखा असा कसला होता की तो पुन्हा मान हलवेना.

"अहो, ते स्क्रू फिरायलाच असतात!" डॉक्टर ओरडले. ऑफिसातली शुद्ध भाषा कुठल्या कुठे गेली. "त्यायनंच ठिपका सरकते! एक अख्खी दुपार उन्हात मरून मी थे बसवले होते! हात लावू नका म्हटलं त कायले लावता बाप्पा?"

"मी त दर खेपेला कसतो साहेब," भैय्यालाल बावचळून म्हणाला. "गाडी लांब निंगाची असली की एकदा हात फिरवूनच देतो. रस्त्यानं हादरते ना."

डॉक्टरांनी तेच शब्द मनात परत घोळवले. दर खेपेला. म्हणजे चिचगडला निघतानाही. म्हणजे ठिपका खांद्यावर होता आणि सुई मातीत गेली, ती या माणसाने मायेने फिरवलेल्या नाण्यामुळे. आणि आपण वर्षभर कपबशीकडे बघत बसलो. त्यांना इतका संताप आला की शिडीवरून उतरून त्याची गचांडी धरावी असं वाटलं, आणि त्याच वेळी छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं इतकं हलकं वाटलं की त्याचाच त्यांना आणखी राग आला.

"अरे मेला का थो डाक्टर?" लांबून सुमित्राबाईचा आवाज आला.

डॉक्टरांनी खिशातून नाणं काढलं.

पुढचा तासभर कोणाच्याही सबुरीची परीक्षा बघणारा गेला. स्क्रू इतके आवळले होते की नाण्याची कड वाकली. ते सुटले तर ठिपका काचेच्या बाहेरच पळाला, त्याला परत आणायचा तर उलटसुलट किती फिरवायचं याचा अंदाजच लागेना. सुई मारायची, स्क्रू फिरवायचा, सुई मारायची. मध्येच चैनलालने, साहेबांचा मान राहावा म्हणून, पोत्याच्या कडेला लागलेली सुई उपसून हळूच फुलीजवळ खोचली आणि "जमलं साहेब!" म्हणून टाळी वाजवली. डॉक्टरांनी हे वरून पाहिलं. मग त्यांनी चैनलालला पोत्यापासून पार गोठ्यापर्यंत मागे जायला सांगितलं.

"राग आला का साहेबाले?" चैनलालने भैय्यालालला विचारलं.

"मले काय विचारतेस," भैय्यालाल म्हणाला. तो खुराड्याला टेकून उकिडवा बसला होता आणि दोन्ही हात त्याने काखेत दाबून धरले होते, जसं काही ते सुटले तर पुन्हा काही तरी कसतील.

शेवटी सुई फुलीवर लागली. पुन्हा मारली, पुन्हा फुलीवर. डॉक्टरांनी टोप्या लावल्या, औषधाची सुई भरली आणि ते छपराकडे निघाले.

भोकातून नळी आत गेली. कोठीच्या आडून अजून शेपटीच दिसत होती. मांडी दिसायची तर जनावराने पलीकडे तोंड करून अर्धं पाऊल मागे यायला हवं होतं. डॉक्टरांनी सुमित्राबाईकडे पाहिलं. तिनेही त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, मग कोहळ्याकडे बोट दाखवलं, मग पलीकडच्या कोपऱ्याकडे. बाईने एक मोठं कोहळं उचललं. मग ते परत ठेवून त्यातल्या त्यात लहान, किडकं निवडलं. डॉक्टरांना छपरावर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

कोहळं धपकन कोपऱ्यात पडून फुटलं. बिबटाने झटक्यात तिकडे तोंड केलं, अंग आवळलं, आणि मागची मांडी कोठीच्या बाहेर आली. लाल ठिपका तिच्यावर जाऊन टेकला. डॉक्टरांना आपला हात दिसत होता. तो जराही हलत नव्हता.

सुई ठिपक्याच्या जागीच लागली.

बिबट गुरगुरला, गरागरा फिरला, माळ्याकडे बघून एक झेप घेण्याच्या बेतात आला आणि मग जागच्या जागी बसला. थोड्या वेळाने त्याने मान जमिनीवर टेकवली. डॉक्टरांनी आणखी बराच वेळ जाऊ दिला, लांब बांबूने त्याच्या कानाला टोचून पाहिलं आणि मगच कडी काढायला सांगितली. बिबटाच्या डोळ्यांवर फडकं बांधून त्याला पिंजऱ्यात घातलं तेव्हा गावाने असा जल्लोष केला की तो तिथेच उठतो की काय अशी भीती वाटली.

सुमित्राबाईला शिडी लावून उतरवलं. तिने आधी चैनलालच्या पाठीत एक गुद्दा घातला. मग पदराच्या गाठीतून आपट्याची दोन चुरगळलेली पानं काढून डॉक्टरांच्या हातावर ठेवली.

"घे बाप्पा सोनं. एक दिवस उशिरा आलास, पर आलास." आणि लगेच म्हणाली, "कोहळं वाया गेलं. दगड सांगता आला नसता काय?"

त्या दिवशी परतताना जीपमध्ये डॉक्टरांच्या मनात वाक्यं जुळत होती. वरच्या साहेबांना सांगायचं, अल्काला सांगायचं, चिचगडच्या त्या दोघांना जाऊन सांगायचं, की माझा हात हलला नव्हता. वर्षभर मी जे माझ्या माथी घेतलं ते माझं नव्हतं, या भैय्यालालचं होतं.

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात आले ते बंदूक परत वीस पावलांवर जुळवायची म्हणून. भैय्यालालने पेटी टेबलावर आणून ठेवली आणि दोन पावलं मागे उभा राहिला. डॉक्टरांनी पेटी उघडली.

दुर्बिणीच्या दोन्ही टोप्यांवर राखी रंगाचे दोन गोळे बसले होते. वाळून दगड झालेले.

"हे काय आहे?"

"एमसील, साहेब. पान्याच्या टाकीले लावतेत थे. कालच लावलं. आता कोनाचा बाप बी हलवू शकत नाही. मी बी नाही."

डॉक्टर खुर्चीत बसले. बंदूक आता दीड पुरुष खाली, सुमित्राबाईच्या कोठीआडच्या बिबटासाठी कायमची जुळलेली होती. जिल्ह्यातल्या इतर कुठल्याही बिबटाला तिने मारायचं तर आधी त्याला केशोरीपुढे नेऊन त्या कोठीमागे बसवायला हवं होतं. त्यांनी मान वर केली. आता मात्र सगळं बोलून टाकायचं, एक शब्द मागे ठेवायचा नाही, असं ठरवूनच त्यांनी तोंड उघडलं.

"साहेब," भैय्यालाल आधी बोलला. तो जमिनीकडे बघत होता. "उन्हाळ्यातला थो बिबट. चिचगडचा. तवा बी मीनंच कसून देल्ले होते. घरी जाऊन इचार करत बसलो." त्याने चार बोटांचा हात तोंडावरून फिरवला. "थो माझ्यानंच गेला ना? पोटात पिल्लं होते थिच्या."

हेच तर डॉक्टरांना बोलायचं होतं. फक्त 'हो' म्हणायचं बाकी होतं, आणि ते खरंही होतं. त्यांनी भैय्यालालकडे पाहिलं, मग त्या दोन राखी गोळ्यांकडे. किती काळजीने बसवले होते, कडेने बोट फिरवून गुळगुळीतही केले होते.

"नाही," ते म्हणाले. "माझा हात हलला होता."

भैय्यालालने मान वर केली. मग त्याने खांद्याला नाक पुसलं, मोठा श्वास सोडला, आणि त्याच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग आला.

"मंग असं करू नये ना साहेब," तो जरा कडक आवाजात म्हणाला. "केवढं जनावर गेलं. बंदूक हातात असली त मानसानं हात घट्ट धरला पाहिजे."

डॉक्टरांनी दोन्ही तळव्यांत तोंड झाकून घेतलं.

"छन्नी आणा, भैय्यालालभाऊ," ते शेवटी म्हणाले. "आणि छोटी हातोडी."